रॅम बदलली, यूपीएस बदलला, तरी होस्ट अडकतोच : प्रोसेसरच्या इरेटापर्यंत कसं पोचायचं

इरेटा म्हणजे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने स्वतः कबूल केलेले त्यातले दोष. तिथवर पोचायला लक्षण आधी सांगतो. लिनक्सचा होस्ट, म्हणजे खरं मशीन, त्यावर केव्हीएमच्या (लिनक्समधली आभासी मशीनं चालवायची सोय) दोन-तीन व्हीएम, म्हणजे आभासी मशीनं. एकीत हिशेब, एकीत ईआरपीचा डेटाबेस, एकीत हजेरी. आठवडा-पंधरवडा सगळं बिनघोर चालतं आणि मग कधीतरी होस्टच अडकतो. स्क्रीनवर कधी कर्नल पॅनिकचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने (कर्नलने) हात टेकल्याचा, लांबलचक मजकूर, कधी नुसता काळा पडदा. बटण दाबून परत चालू केलं की जणू काही झालंच नाही असं निमूट चालायला लागतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या युनिटमधून याचा फोन जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येतो : "सर, परत बसलंय ते. मागच्यासारखं बटण दाबू का?" इतक्यात दाबू नका. आधी मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा. त्या मजकुरात जे असतं ते, आधी वेगळी सोय केलेली नसेल तर, नंतर कुठेच मिळत नाही.

फोन येईपर्यंत बरंच काही उरकलेलं असतं. रॅमच्या पट्ट्या काढून पिना खोडरबरने घासून झालेल्या असतात, स्लॉट बदललेले असतात, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) नवा आलेला असतो, कुणीतरी "फॉरमॅट मारून टाका" असा सल्लाही दिलेला असतो. फाउंड्री असेल तर संशय पहिल्यांदा इंडक्शन फर्नेसवर. फर्नेस लागली की व्होल्टेज नाचतं हे खरंच आहे, त्यामुळे तो संशय हसण्यावारी नेऊ नका. पण तो वेगळा काढता येतो. वीज दगा देते तेव्हा मशीन सरळ रिसेट होतं, लॉग मध्येच तुटतो आणि कर्नलला तक्रार लिहायला वेळच मिळत नाही. मरण्याआधी कर्नलने कॉल ट्रेस (कुठलं फंक्शन कुठून चालू होतं त्याची यादी) आणि रजिस्टरांची यादी नीट लिहून ठेवली असेल, तर त्या क्षणी वीज बहुधा ठीक होती. तिथून पुढे यूपीएसवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

(आज्ञा आणि संदेश इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची आहेत.)

पॅनिकचा मजकूर पकडा

काळा पडदाच येत असेल तर मजकूर दुसरीकडे उतरवायची सोय आधी करा. नेटकन्सोल हा सगळ्यात स्वस्त उपाय : होस्टचे कर्नल संदेश त्याच स्विचवरच्या दुसऱ्या पीसीकडे यूडीपीने जात राहतात, होस्ट मेला तरी तिकडे शेवटच्या ओळी शिल्लक. बऱ्याच बोर्डांवर पीस्टोअरही चालतं, म्हणजे पॅनिकचा मजकूर यूईएफआयच्या, बोर्डावरच्या फर्मवेअरच्या, जागेत साठतो आणि पुढच्या बूटला पीस्टोअरच्या फोल्डरात सापडतो. केडम्प (पॅनिकच्या वेळची मेमरी उतरवून ठेवणारं साधन) लावता आला तर उत्तमच, पण त्यासाठी रॅम राखून ठेवावी लागते. छोट्या होस्टवर मी नेटकन्सोलवरच भागवतो.

हाती आलेल्या मजकुरात 'टेन्टेड' या शब्दापुढची अक्षरं बघा. 'एम' असेल तर प्रोसेसरने स्वतः मशीन चेक, म्हणजे हार्डवेअरची चूक, कळवला आहे. 'बी' असेल तर कर्नलला एखादं पेज (मेमरीचा ठरावीक तुकडा, पान) नको त्या अवस्थेत सापडलं. 'बॅड पेज स्टेट', 'बॅड पेज मॅप' या ओळीही त्याच घरातल्या. यातलं काहीही दिसलं की बहुतेक जण रॅमकडे धावतात. रॅम तपासायला हवीच, पण तपासायची म्हणजे दुकानात जाऊन नवी आणायची असं नाही.

मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लावा आणि रात्रभर चालू द्या. एक फेरी झाली की बंद करून "रॅम ओके" म्हणायची सवय मोडा. खराब रॅमची खूण अशी, की चूक परतपरत त्याच पत्त्यावर येते आणि बहुतेक वेळा एखादाच बिट उलटलेला असतो. अशी एकच जागा सापडली आणि नवी पट्टी यायला वेळ असेल तर कर्नलच्या मेममॅप पर्यायाने तेवढा तुकडा बाजूला ठेवता येतो. फक्त ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या बूट लोडरच्या, फाइलमध्ये त्यातल्या $ चिन्हाआधी बॅकस्लॅश द्यावे लागतात, नाहीतर ग्रब ते चिन्ह गिळतो आणि पर्याय गुपचूप निकामी होतो.

याउलट मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ, पॅनिक दर वेळी वेगळ्या फंक्शनमध्ये, आणि बिघडलेल्या जागी एखादा बिट नव्हे तर दुसऱ्याच कुणाचा तरी धडधाकट डेटा बसलेला, असं चित्र असेल तर रॅमला मोकळं सोडा. हा पत्ता चुकल्याचा प्रकार आहे.

पत्ता चुकतो कसा

प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि रॅममधली खरी जागा यांची सांगड पेज टेबलात असते. ते टेबलही रॅममध्येच, आणि चार-पाच पायऱ्यांचं. दर वेळी तिथे जाऊन बघायचं म्हटलं तर काम व्हायचंच नाही, म्हणून प्रोसेसर अलीकडे लागलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. हा टीएलबी. फाउंड्रीच्या पॅटर्न स्टोअरचं मोठं रजिस्टर आणि मोल्डिंगवाल्याच्या खिशातली छोटी वही, तसा प्रकार. पॅटर्न दुसऱ्या रॅकवर हलवला की खिशातल्या वहीतली ओळ खोडायला कुणीतरी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर माणूस बिनदिक्कत जुन्या रॅककडे जातो आणि तिथे जे असेल ते उचलून आणतो.

एक्स८६ वर ही खोडाखोड आपोआप होत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमने सांगायची असते. एका पत्त्याची नोंद खोडायची सूचना म्हणजे इन्व्हएलपीजी. शिवाय नोंद कुठल्या प्रोसेसच्या पत्त्यांची आहे हे ओळखायला तिच्यावर क्रमांक टाकायची सोय असते, ती पीसीआयडी. हा क्रमांक असला की एका प्रोसेसवरून दुसरीवर जाताना टीएलबी रिकामा करावा लागत नाही. कर्नलच्या स्वतःच्या नोंदी सगळ्या प्रोसेसना सारख्याच, म्हणून त्यांना 'ग्लोबल' अशी खूण असते.

नियमाप्रमाणे इन्व्हएलपीजीने चालू पीसीआयडीची नोंद आणि ग्लोबल नोंद, दोन्ही जायला हव्यात. इंटेलच्या अल्डर लेक (बारावी पिढी) आणि रॅप्टर लेक (तेरावी पिढी) प्रोसेसरांत, आणि एन१०० सारख्या नुसत्या छोट्या कोअरवाल्या अल्डर लेक-एन चिपांतही, पीसीआयडी चालू असताना ग्लोबल नोंद न खोडता तशीच राहू शकते. इंटेलने आपल्या इरेटा यादीत हे मान्य केलेलं आहे.

आता याचा लक्षणांशी मेळ घालून बघा. ग्लोबल नोंदी फक्त कर्नलच्या, म्हणून साधे प्रोग्रॅम सहसा धडपडत नाहीत, मरतो तो कर्नल. कर्नलने व्हीमॅलॉकने (स्वतःसाठी मेमरी घ्यायची त्याची एक पद्धत) घेतलेली जागा परत केली, ती पानं दुसऱ्या कुणाला मिळाली, तो आभासी पत्ता नव्या पानांना जोडला गेला, पण एखाद्या कोअरच्या टीएलबीत जुनीच जोडणी शिल्लक. त्या कोअरवरून कर्नल लिहितो आणि ते जातं भलत्याच्या पानावर. ज्याचं पान बिघडलं तो नंतर कधीतरी कोसळतो, म्हणून कॉल ट्रेस दर वेळी वेगळा. ट्रेसमध्ये ज्याचं नाव दिसतं तो बिचारा फक्त शेवटचा बळी असतो. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बदलण्यात लोक आठवडे घालवतात ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट नीट जुळते. इरेटातल्या नोंदीप्रमाणे हा दोष व्हीएमच्या आत, म्हणजे प्रोसेसर गेस्ट म्हणून चालत असताना, लागू होत नाही. होस्टला आणि साध्या मशीनला मात्र लागू होतो. व्हीएममध्ये एकही तक्रार नाही आणि होस्ट मात्र मरतो, हे म्हणूनच ऐकायला विचित्र वाटलं तरी विचित्र नाही.

तपासायचं काय

एलएससीपीयू या आज्ञेत प्रोसेसरचं नाव बघा, यूनेम-आर मध्ये कर्नलची आवृत्ती. मग बूटच्या संदेशांत पीसीआयडी हा शब्द शोधा. 'इनकम्प्लीट ग्लोबल फ्लशेस, डिसेबलिंग पीसीआयडी' अशी ओळ सापडली तर कर्नलने दोष ओळखून पीसीआयडी बंद केलं आहे. या दोषापुरते तुम्ही सुरक्षित. अडकण्याचं कारण दुसरीकडे शोधा. ही ओळ बघून घाबरून फोन करणारेही असतात, त्यांना सांगावं लागतं की ही तक्रार नाही, बंदोबस्त झाल्याची पावती आहे.

ओळ नसेल तर प्रॉकखालची सीपीयूइन्फो फाइल उघडा. फ्लॅगांच्या यादीत पीसीआयडी आहे का आणि मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या, नंतर बदलता येणाऱ्या कोडचा) आकडा किती, या दोन गोष्टी हव्यात. फ्लॅग हजर आणि मायक्रोकोड जुना, म्हणजे मशीन उघड्यावर आहे. डेस्कटॉपच्या अल्डर लेकसाठी कर्नल ०एक्स२ई हा आकडा मानतो : त्याच्या खालचा असेल तर दोष आहे, तो किंवा वरचा असेल तर दुरुस्त. लॅपटॉपच्या आणि रॅप्टर लेकच्या चिपांचे आकडे वेगवेगळे आहेत, हाच आकडा सगळीकडे लावू नका.

लिनक्समधला तोडगा मे २०२३ मध्ये आला, इंटेलच्याच डेव्ह हॅन्सन यांचा. तोडगा कसला, सरळ हात वर : या चिपांवर पीसीआयडी चालूच करायचं नाही. पीसीआयडी नसलं की इन्व्हएलपीजी नीट वागते. इंटेलने मायक्रोकोडमधून मूळ दुरुस्ती १२ मार्च २०२४ च्या संचापर्यंत सगळ्या मॉडेलांना पोचवली, आणि त्यानंतरच्या कर्नलांनी मायक्रोकोड नवा असेल तर पीसीआयडी परत चालू ठेवायला सुरुवात केली. म्हणजे नव्या कर्नलवर ती ओळ दिसली तर त्याचा अर्थ तुमचा मायक्रोकोड अजून जुना आहे.

इतकं सगळं होऊन गेलं तरी हा त्रास आपल्याकडे उरतो, कारण कारखान्यातल्या होस्टला मुद्दाम इंटरनेट देत नाहीत. बसवला त्या दिवशीचा कर्नल आणि बोर्डासोबत आलेलं बायोस, तेच आजही चालू. पेन ड्राइव्हवरून कर्नल आणि मायक्रोकोड ही दोनच पॅकेजं चढवली तरी पुष्कळ झालं.

लगेच थांबवायचं असेल, आणि कर्नल बदलायला मालकांची परवानगी मिळायची असेल, तर ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला नोपीसीआयडी जोडा, अपडेट-ग्रब चालवा, रिबूट करा आणि सीपीयूइन्फोतून तो फ्लॅग गेला का ते बघा. पॅच टाकता येत नसेल त्यांच्यासाठी खुद्द हॅन्सन यांनीच ही वाट सांगून ठेवली आहे.

दोष हाच का, याची खात्री करायला आणखी एक युक्ती आहे. कर्नल नोंदी एकेक खोडतो ते ३३ पानांपर्यंतच. त्याहून मोठा पट्टा असेल तर एकेक न खोडता सगळा टीएलबी रिकामा करतो आणि तिथे हा दोष आडवा येत नाही. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतल्या सेटिंगांच्या फोल्डरात) टीएलबी-सिंगल-पेज-फ्लश-सीलिंग नावाची फाइल आहे, तिच्यात ३३ च्या जागी ० लिहिलं की पट्ट्यांसाठी एकेक खोडणं बंद होतं. पीसीआयडी तसंच ठेवून एवढं केल्यावर अडकणं थांबलं, तर संशय पक्का होत जातो. रिबूटनंतर हे मूल्य परत ३३ होतं. ही फक्त चाचणी आहे, कायमचा उपाय म्हणून ठेवू नका.

"पीसीआयडी बंद केलं तर मशीन हळू होईल ना?" हा पुढचा प्रश्न. थोडं, आणि या चिपांवर फारच थोडं. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन हा प्रोसेसरचा सुरक्षेतला दोष उघड झाल्यावर कर्नलची आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं वेगळी करावी लागली. त्या मशीनांवर प्रत्येक सिस्टिम कॉलला टेबल बदलतं, म्हणून पीसीआयडी गेलं की जोराचा फटका बसतो. अल्डर लेकला मेल्टडाउन लागू नाही, तिथे टेबलं वेगळी केलेली नसतात, आणि टीएलबी रिकामा होतो तो प्रोसेस बदलताना. ईआरपीवर बसलेल्या माणसाला फरक कळणार नाही.

'मिटिगेशन्स ऑफ' कुणी लावलंय का

होस्ट जुना असेल, इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीतला, आणि टेन्टेडमध्ये 'एम' असेल, तर वरचा दोष सोडा आणि कर्नलची कमांड लाइन वाचा. मशीन बाहेर जोडलेलं नाही मग सिक्युरिटी कशाला, असं म्हणून वेगासाठी 'मिटिगेशन्स ऑफ' लावलेलं बऱ्याच ठिकाणी सापडतं. लावणाऱ्याला वाटतं आपण फक्त हॅकरांपासूनचं संरक्षण काढलं. पण त्या एका शब्दाने केव्हीएमचं एनएक्स-ह्यूज-पेजेसही बंद होतं, आणि ते होस्ट कोसळू नये म्हणून घातलेलं आहे.

दोष असा : एकाच पत्त्यासाठी सूचनांच्या टीएलबीत ४ केबीच्या पानाची आणि २ एमबीच्या पानाची अशा दोन नोंदी एकदम सापडल्या, की हे प्रोसेसर गोंधळून मशीन चेक टाकतात आणि होस्ट तिथेच थांबतो. पानाचा आकार गेस्टही बदलू शकतो, म्हणजे एक गेस्ट सगळ्यांना घेऊन बुडू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हे जाहीर झालं. केव्हीएमचा तोडगा मोठ्या पानांवरून कोड चालवायलाच बंदी घालतो. कोड चालवायची वेळ आली की पान ४ केबीच्या तुकड्यांत फोडतो. सिसएफएसमध्ये व्हल्नरेबिलिटीजच्या फोल्डरात आयटीएलबी-मल्टिहिट नावाची फाइल आहे, तिच्यात 'स्प्लिट ह्यूज पेजेस' असं दिसलं पाहिजे. वेग हवाच असेल तर बाकीचे पर्याय एकेक करून बंद करा, व्हीएमच्या होस्टवर सरसकट ऑफ नको.

जुनी मंडळी

हे प्रकार आजचे नाहीत. १९९७ मध्ये पेंटियमचा एफ००एफ दोष निघाला : एक चुकीची सूचना दिली की प्रोसेसर कायमचा गोठायचा. त्यावरचा तोडगा मला आजही सगळ्यात हुशार वाटतो. कर्नलने इंटरप्टचं टेबल फक्त-वाचायच्या पानावर ठेवलं. ती सूचना येताच गोठण्याऐवजी पेज फॉल्ट उठायचा, कर्नल बघायचा की फॉल्ट टेबलातल्या ६ क्रमांकाच्या नोंदीचा आहे, आणि चुकीची सूचना म्हणून तो प्रोग्रॅम मारून टाकायचा. सिलिकॉनमधला दोष पानाच्या परवानगीने अडवला!

२००७ च्या फिनॉम प्रोसेसरचा टीएलबी दोष, एएमडीच्या यादीतला इरेटम २९८, बायोसमधून झाकला गेला, पण वेगाची चांगलीच किंमत मोजावी लागली. बी३ स्टेपिंगमध्ये, म्हणजे चिपच्या सुधारलेल्या आवृत्तीत, तो गेला. सँडी ब्रिजचे, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे, सेकंडहँड पीसी राजारामपुरीपासून उद्यमनगरापर्यंत अजून चालू आहेत. त्यांच्या आतल्या ग्राफिक्सला रॅमचे ठरावीक पत्ते झेपत नाहीत, म्हणून लिनक्स अशी पाच पानं कुणालाच देत नाही. पाच पानं म्हणजे २० केबी. त्याच्यासाठी भांडू नये.

शॉप फ्लोअरवर रास्पबेरी पाय (छोटा, एकाच बोर्डावरचा संगणक) लावलेल्यांना बूट होताना 'डिटेक्टेड : एआरएम इरेटम' आणि पुढे एक नंबर अशी ओळ दिसते. बोर्ड परत करायला निघू नका. कर्नलने चिप ओळखली आणि तिच्यासाठीचा तोडगा लावला, एवढंच ती सांगते.

यातलं काही नसेल तर

इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल, झिप फाइली उघडताना चुका येत असतील, ग्राफिक्सचे प्रोग्रॅम मेमरी संपल्याचं खोटंच सांगून बंद पडत असतील, तर तो मेमरी मॅनेजमेंटचा विषयच नाही. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलेला व्होल्टेजचा प्रश्न आहे तो. त्यासाठी मायक्रोकोड ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी आले. नवा मायक्रोकोड पुढची झीज थांबवायला आहे, झालेली झीज भरून निघत नाही. कर्नलचा कुठलाही पर्याय इथे कामाचा नाही. इंटेलने या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल शोधा.

दोष पीसीआयडीचा असो की व्होल्टेजचा, बायोस अपडेट करायची वेळ आली तर आधीच्या सेटिंगांचे फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर बऱ्याच बोर्डांवर सगळं मूळ पदावर जातं, व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हीएम चालवायची सोय) कधीकधी बंद होऊन बसतं, आणि सकाळी पाळी सुरू होताना एकही व्हीएम उठत नाही. ते चालू करा, लाईट गेल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायचं सेटिंगही परत लावा, आणि सीपीयूइन्फोतला मायक्रोकोडचा नवा आकडा लिहून कॅबिनेटवर चिकटवा.